गिऱ्हाईक गोष्टीत शिरतं तेव्हा

2009 साली अमेरिकेत रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन या दोघांनी जुन्या वस्तूंच्या बाजारातून शंभरेक फुटकळ चिजा गोळा केल्या. एकेकीची किंमत सरासरी सव्वा डॉलर. प्रत्येक वस्तूवर एकेका लेखकाकडून गोष्ट लिहून घेतली आणि मालाच्या वर्णनाच्या जागी ती गोष्ट टाकून वस्तू ईबे या ऑनलाइन बाजारात लिलावाला काढली. गोष्ट काल्पनिक आहे, हे लपवलं नव्हतं. लेखकाचं नावही दिलं होतं. तरी 99 सेंटला घेतलेलं घोड्याचं एक मुंडकं जवळपास 63 डॉलरला गेलं. 128 डॉलर 74 सेंटच्या एकूण मालाचे 3,612 डॉलर 51 सेंट आले.

हा काटेकोर शास्त्रीय प्रयोग नव्हता. त्याच वस्तू गोष्टीविना विकून पाहिलेल्या नव्हत्या, आणि काहींनी लेखकाच्या प्रेमापोटीही बोली लावली असेल. पण गोष्ट ऐकताना माणसाचं नेमकं काय होतं, याचा शोध प्रयोगशाळेतही घेतला गेला आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हसन आणि सहकाऱ्यांनी एका तरुणीला एमआरआय यंत्रात झोपवून तिच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायला लावला. मग त्याचं रेकॉर्डिंग इतरांना यंत्रातच ऐकवलं. 2010 साली छापून आलेले निष्कर्ष असे: ऐकणाऱ्यांच्या मेंदूतल्या हालचाली सांगणारीच्या मेंदूसारख्याच, थोड्या मागून, उमटत होत्या. काही भागांत तर त्या तिच्याही पुढे धावत होत्या, म्हणजे आता काय येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधत होता. ज्यांचा अंदाज जास्त चालला, त्यांना गोष्ट जास्त कळली. न समजणाऱ्या भाषेतली गोष्ट ऐकवली तेव्हा ही जुळणी उरली नाही. थोडक्यात, ऐकणारा नुसता बसून नसतो. अर्धी गोष्ट तोच रचत असतो.

आणि रचण्यात गुंतलेला माणूस खुसपटं काढत नाही. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी 2000 साली वाचकांना एक कथा देऊन न पटणाऱ्या जागांभोवती गोल करायला सांगितलं. जे कथेत जास्त रंगले, त्यांनी कमी गोल केले. जेनिफर एस्कलस यांनी धावण्याच्या बुटांच्या जाहिरातीवर असाच अभ्यास केला. हे बूट घालून स्वतः धावतोय अशी कल्पना करणाऱ्यांना लेचेपेचे मुद्देही चालून गेले. मुद्दे तोलणाऱ्यांना मात्र भक्कम कारणंच लागली. मला ही बाब विक्रेत्यांनी फार गंभीरपणे घ्यावी असं वाटतं. गोष्ट सांगणं म्हणजे समोरच्याचा पहारा उतरवणं आहे. तिथून खोटा माल आत सारणं ही उघड फसवणूक आहे.

आकड्यांचंही एक कोडं आहे. 2007 च्या एका अभ्यासात लोकांना पाच डॉलर देऊन त्यातून दान मागितलं. आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले, तर रोकिया नावाच्या मालीतल्या एका सात वर्षांच्या मुलीची हकिकत वाचणाऱ्यांनी 2.38. दोन्ही एकत्र दिल्यावर दान वाढायला हवं होतं, पण ते 1.43 वर आलं. हे दानाचं झालं, खरेदीचं नव्हे. तरीही रंगात आलेल्या बोलण्यात मध्येच दरपत्रक उघडणाऱ्याने ते लक्षात ठेवावं. आकडे द्यावेतच, पण गिऱ्हाईक विचारेल तेव्हा.

मग खरी गोष्ट सांगायची कशी? येवल्याची पैठणी घ्या. 'प्युअर सिल्क, हातमाग, अस्सल' ही यादी कोणीही म्हणू शकतो. जाणता विक्रेता पदर पसरतो, "ताई, हा मोर बघा," म्हणतो आणि पदर उलटा करतो. मागूनही मोर तसाच. मग तो सांगतो, की मोराच्या प्रत्येक रंगाचा धागा विणकर हाताने तेवढ्याच जागेत घालतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो, म्हणून मागे सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागावरच्या नकलेत बहुधा ते दिसतात. ताई स्वतः मागून बोट फिरवतात. मागावर बसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि दाव्याची तपासणीही त्यांच्याच हातांनी होते.

हसनच्या प्रयोगात बोलणारी एकटीच होती. दुकानात तसं नसतं. "लग्न कुणाचं, मुलीचं का?" एवढं विचारून विक्रेता गप्प बसला, तर ताईच सांगू लागतात: मुलीला भडक रंग नको, सासूबाईंना हिरवाच हवा, बजेट अमुक. आता अंदाज बांधायची पाळी विक्रेत्याची असते. मांडणीवरच्या चाळीस साड्यांपैकी कोणत्या तीन काढायच्या, हे त्याला इथेच कळतं.