आत्महत्येचा धोका असलेल्या पेशंटचा मानसोपचार रेफरल

हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या ज्या पेशंटच्या मनात जीव द्यायचे विचार येतायत किंवा ज्याने तसा प्रयत्न केलाय, त्याला मानसोपचार तज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशकापर्यंत पोचवायचं काम म्हणजे हा रेफरल. वॉर्डात याला नुसतं 'सायकियाट्री कॉल' म्हणतात.

आपल्याकडे असा पेशंट आधी कॅज्युअल्टीत येतो, एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) होते, पोलीस जबाब घेऊन जातात, मेडिसिनचे डॉक्टर जीव तोडून शरीर वाचवतात आणि तब्येत सुधारली की बेड रिकामा करायची घाई सुरू होते. डिस्चार्ज कार्डावर 'मानसोपचार ओपीडीत दाखवणे' एवढी ओळ असते, पण गाव लांब, मजुरी बुडणार, लोक काय म्हणतील ही धास्ती, मग बरेच जण परत येतच नाहीत. आणि धोका नेमका तेव्हाच जास्त असतो, कारण आधी केलेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सगळ्यात मोठी खूण आहे आणि घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे फार जपायचे असतात. त्यामुळे कार्डावरच्या त्या ओळीला रेफरल म्हणूच नये, पेशंट वॉर्डात आहे तोवरच कोणीतरी बेडपाशी बसून बोललं पाहिजे आणि पुढची तारीख नातेवाइकांसमोर ठरली पाहिजे.

याचा पुरावा आपल्याच भागातून आलाय. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधलं कांपिनास, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग इथे प्रयत्नातून वाचलेल्या 1,867 लोकांवर अभ्यास केला, तो 2008 मध्ये छापून आला. निम्म्या लोकांशी डिस्चार्जच्या सुमारास तासभर बोलले आणि नंतर 18 महिन्यांत 9 वेळा फोन किंवा भेट घेतली, बस एवढंच. त्यांच्यात आत्महत्येने मृत्यू 0.2 टक्के, बाकीच्यांत 2.2 टक्के. महागडं यात काहीच नाही!

जीव द्यायचे विचार येतात का, हे विचारायचं कोणी? सिस्टर, इंटर्न, कोणीही. थेट विचारलं तर डोक्यात विचार घुसतो हा गैरसमज आहे, उलट पेशंटला मोकळं वाटतं. कॅन्सर, जुनाट दुखणं, बाळंतपणानंतरचं नैराश्य, दारू सुटताना होणारा त्रास, अशा पेशंटलाही विचारायला हवं, त्यांनी प्रयत्न केलेला नसला तरी. घरी कीटकनाशक आणि गोळ्या कुलूपबंद ठेवायला नातेवाइकांना सांगणं हाही रेफरलचाच भाग.

पोलिसांच्या भीतीने बरीच घरं खरं कारण लपवतात. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, धरलं जातं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. हे वॉर्डातच सांगितलं गेलं पाहिजे.

तालुक्याच्या ठिकाणी सायकियाट्रिस्ट नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम जिल्हा रुग्णालयात असते, आणि ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चालू आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.