अजब बंगल्यात युद्धाचा तास: अकरावी-बारावीच्या वर्गासाठी अर्ज असा करा

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासूनचं, पण त्याला अजब बंगला म्हटल्याशिवाय आपल्याकडे कुणाला कळत नाही. शाळा तिथे बहुधा सहावी-सातवीची पोरं नेतात, प्राणी दाखवतात आणि तासाभरात गाडीत बसवतात. बारावीच्या इतिहासात महायुद्धं आहेत, शीतयुद्ध आहे. त्या मुलांसाठी शस्त्रदालनात बसून दीडेक तासाचं सत्र मागायला हरकत नाही. फक्त अर्जात 'सहल' लिहू नका. सहल लिहिलं की सहलच मिळते.

अर्ज अभिरक्षकांच्या (संग्रहालयाच्या प्रमुखांच्या) नावाने, कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांची सही-शिक्का आणि जावक क्रमांकासह. विषय एका ओळीत नेमका लिहा, उदाहरणार्थ 'बंदूक बदलली तशी लढाई कशी बदलली'. त्याखाली वर्ग, मुलामुलींची संख्या, सोबतच्या शिक्षकांचे मोबाइल आणि दोन पर्यायी तारखा. एका वेळी तीस-पस्तीसच्या वर नेऊ नका, मागच्यांना काही ऐकू येत नाही. तिकिटात सवलत हवी असेल, फोटो काढायचे असतील, तर तेही याच अर्जात विचारा.

दालनात तलवारी-बंदुका बघता येतात, पण १९७१ किंवा कारगिलचं बोलायला माणूस लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र देऊन एखाद्या माजी सैनिकाला बोलवा आणि ते येणार असल्याचं संग्रहालयाच्या अर्जात नमूद करा. (स्टाफरूममध्ये कुणीतरी पुलगावचा दारूगोळा डेपो सुचवतंच. तिथे वर्ग नेता येत नाही, विषय सोडा.) १९४२ची 'छोडो भारत' चळवळ शिकवायची असेल तर नागपूरच्या आधी चिमूर नाहीतर आष्टी करा. १६ ऑगस्टला दोन्हीकडे काय पेटलं होतं ते मुलांनी गावातच ऐकलेलं असतं.

कोण पात्र? अकरावीपासून पुढचे, राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) आणि छात्रसेनेची (एनसीसी) पथकंही. लहान वर्ग मी नेणार नाही. आणि गडचिरोली-गोंदियाकडून शिकायला आलेली मुलं वर्गात असतील तर आधी त्यांच्याशी एकेकट्याने बोला. त्यांच्यासाठी संघर्ष हा पुस्तकातला धडा नसतो. कुणाचा भाऊ पोलिसात असतो, कुणाच्या गावात रात्री वेगळंच घडलेलं असतं. सत्रात नाही बसायचं म्हणाली तर बाहेर बसू द्या, कारण विचारू नका.

खरा वेळ जातो तो जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीत. त्या फाइलला प्राचार्यांचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी, पालकांची संमतिपत्रं, कार्यक्रमाच्या वेळा आणि वाहनाची माहिती जोडा. मुली असतील तर सोबत शिक्षिका हवीच. रात्रीचा प्रवास दाखवू नका, फाइल तिथेच अडते. महिना-दीड महिना हातात ठेवा.

संमतिपत्रांचं सांगतो. दिवाळीनंतर कापूस वेचणी असते, आईबाप दिवसभर वावरात. कागद पोरांच्या हाती दिला की आजोबांचा अंगठा घेऊन परत येतो आणि मग तो पुन्हा पाठवावा लागतो. संध्याकाळी सातनंतर घरी जाऊनच सह्या घ्या. मूळ प्रती फाइलला, झेरॉक्स तुमच्या पिशवीत.

गाडी एसटीचीच करा. शैक्षणिक सहलीला प्रासंगिक करारात, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने घेताना, ५० टक्के सवलत आहे. आगारप्रमुखांना प्राचार्यांचं पत्र आणि यादी द्यायची, पैसे आगाऊ भरायचे. एसटीच्या कागदावर मात्र 'शैक्षणिक सहल' असंच लिहा, सवलत त्या शब्दावर आहे.

तारीख ठरवताना सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे दिवसही टाळा. विधानभवन तिथून जवळच आहे, मोर्च्यांमुळे रस्ते अडवलेले असतात आणि गाडी कुठेतरी लांब उभी करून चालत यावं लागतं.