स्टुडेबेकर

स्टुडेबेकर : घोड्यांच्या गाड्या बनवता बनवता मोटारींकडे वळलेला अमेरिकन उद्योग आणि त्याच्या मोटारींची छाप. इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावात १८५२ मध्ये लोहाराच्या दुकानातून त्याची सुरुवात झाली. तिथला मोटार कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद पडला आणि कॅनडातील हॅमिल्टन येथून शेवटची स्टुडेबेकर मार्च १९६६ मध्ये बाहेर पडली. अमेरिकेत घोडागाड्या करणाऱ्यांची संख्या एके काळी मोप होती. मोटारी आल्या तसे त्यांतले बहुतेक जण धंद्यातून उठले. या फेऱ्यातून तगून निघालेले सर्वांत मोठे नाव स्टुडेबेकरचे. म्हणूनच मोटारी नीट विकल्या जात असतानाही हा कारखाना पुन्हा पुन्हा पैशाच्या अडचणीत का येत गेला, हा प्रश्न त्याच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

वडील जॉन क्लेमेंट स्टुडेबेकर हे लोहारकाम आणि गाड्या करणारे कारागीर. पेनसिल्व्हेनियातून ओहायोत आणि तिथून इंडियानात असे ते सरकत आले. त्यांच्या पाच मुलांपैकी हेन्री आणि क्लेमेंट या दोघांनी साउथ बेंडमध्ये ६८ डॉलर भांडवल आणि दोन भट्ट्या एवढ्यावर दुकान थाटले. सेंट जोसेफ नदी इथे वळण घेते, त्यावरून गावाचे नाव पडले आहे. शिकागो इथून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटर. पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्यांची रीघ लागली होती आणि त्यांना नाल, धाव, आरे, गाडे सगळेच लागत होते.

तिसरा भाऊ जॉन १८५३ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला. प्लॅसरव्हिल या खाणवस्तीत पोचल्यावर त्याला काम मिळाले ते एकचाकी ढकलगाड्या करण्याचे. खाणकामगारांना माती वाहायला त्या लागत. तो ढकलगाड्या ठोकत बसला आणि पाच वर्षांत ८,००० डॉलर गाठीला बांधून घरी परतला. ‘ढकलगाडीवाला जॉनी’ हे टोपणनाव त्याला आयुष्यभर चिकटले. सोन्याच्या गर्दीत खोदणाऱ्यांपेक्षा अवजार विकणाऱ्यांचे भले झाले, याचे हे चोख उदाहरण. त्या पैशातून त्याने हेन्रीचा वाटा विकत घेतला. हेन्री अहिंसावादी ख्रिस्ती पंथाचा होता आणि दुकानाला लष्कराच्या गाड्यांचे काम मिळू लागल्याने तो अस्वस्थ होता. तो शेतीकडे वळला.

पुढे यादवी युद्ध आले आणि लष्कराची मागणी कैक पटींनी वाढली. १८६८ मध्ये रीतसर कंपनी झाली, १८७० च्या दशकात दोनदा आगी लागून कारखाना बेचिराख झाला आणि दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. त्याच दशकात आपण जगातील सर्वांत मोठे गाडी-कारखानदार असल्याचा दावा कंपनी करू लागली. शेतकऱ्याच्या खटाऱ्यापासून श्रीमंतांच्या बग्गीपर्यंत सगळे एका छपराखाली होत असे. साउथ बेंडच्या स्टुडेबेकर संग्रहालयात अब्राहम लिंकन यांची बग्गी ठेवलेली आहे. हत्येच्या रात्री ते तिच्यातूनच नाट्यगृहात गेले होते. बघायला येणाऱ्यांना ती स्टुडेबेकरचीच वाटते, पण ती न्यूयॉर्कच्या वुड ब्रदर्सची. स्टुडेबेकरांनी ती आपल्या संग्रहासाठी विकत घेतली होती.

मोटारींचा नाद कंपनीला लावला तो जॉनचे जावई फ्रेडरिक फिश यांनी. ते वकील होते. पहिली स्टुडेबेकर मोटार (१९०२) विजेवर चालणारी होती आणि सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत खुद्द टॉमस एडिसन होते. पेट्रोलच्या मोटारी १९०४ पासून आल्या, मात्र त्यांचे यंत्रांग गारफर्ड नावाच्या दुसऱ्या कंपनीचे आणि बॉडी स्टुडेबेकरची. त्यानंतर डेट्रॉइटच्या ई-एम-एफ कंपनीच्या मोटारी स्टुडेबेकरच्या डीलरांमार्फत विकल्या गेल्या. त्या इतक्या बिघडत, की या तीन अक्षरांचा अर्थ लोक ‘एव्हरी मॉर्निंग फिक्स-इट’, म्हणजे ‘रोज सकाळी दुरुस्त करा’ असा लावत. शेवटी ई-एम-एफच ताब्यात घेऊन १९११ मध्ये स्टुडेबेकर कॉर्पोरेशन स्थापन झाले. विकलेल्या मोटारींचे खराब भाग गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन बदलून द्यायला मिस्त्री धाडले गेले. घोडागाड्यांच्या काळात कमावलेली पत अशी राखली गेली. घोडागाड्या करणे मात्र कंपनीने १९२० पर्यंत सोडले नव्हते. मोटारींच्या जोडीला जुना धंदा इतकी वर्षे चालू ठेवणे हा भाबडेपणा नव्हता. शेतकऱ्याला अजून गाडा लागत होता.

अल्बर्ट अर्स्किन १९१५ मध्ये अध्यक्ष झाले आणि कंपनीचा सगळ्यात भरभराटीचा काळ सुरू झाला. १९२६ मध्ये गावाबाहेर मोटारींच्या चाचणीसाठी मोकळे मैदान तयार करण्यात आले. अशी मैदाने करणाऱ्या सुरुवातीच्या अमेरिकन मोटार कंपन्यांत ही एक. नावांच्या बाबतीत मात्र अर्स्किन यांची आवड विचित्र होती. १९२७ मध्ये आलेल्या एका मॉडेलचे नाव ‘डिक्टेटर’. इतरांनी ज्याचे अनुकरण करावे अशी गाडी, असा त्यामागचा अर्थ होता. युरोपात हिटलर आणि मुसोलिनी गाजू लागल्यावर ते नाव १९३७ नंतर गुंडाळावे लागले. त्यांनी स्वतःच्या नावाचीही एक छोटी मोटार काढली. ती चालली नाही. १९२८ मध्ये बड्या लोकांच्या मोटारी करणारी पिअर्स-ॲरो कंपनी विकत घेतली गेली आणि वर्षभरात महामंदी येऊन आदळली.

या मंदीत अर्स्किन यांनी जे केले ते आजही व्यवस्थापनाच्या वर्गात सांगितले जाते. मंदी चार दिवसांची आहे असे त्यांनी धरले आणि भागधारकांना खूश ठेवण्यासाठी लाभांश चालू ठेवला. १९३० मध्ये वाटलेला लाभांश त्या वर्षीच्या नफ्याच्या सुमारे पाचपट होता. म्हणजे गंगाजळीतून काढून वाटला. त्यातच नोटर डेम विद्यापीठाचे लोकप्रिय फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांच्या नावाने स्वस्त मोटार बाजारात आणली. ती येण्याआधीच रॉकनी विमान अपघातात गेले होते आणि मोटारही दोन वर्षांत आटोपली. मार्च १९३३ मध्ये कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. १ जुलै १९३३ रोजी अर्स्किन यांनी गोळी झाडून घेतली.

विक्रीकडचे पॉल हॉफमन आणि उत्पादनाकडचे हॅरॉल्ड व्हॅन्स या जोडीने कंपनी वर काढली. पिअर्स-ॲरो विकून टाकली, कारखाना चालू ठेवला आणि ‘स्टुडेबेकर चालूच आहे’ अशा अर्थाच्या जाहिराती दिल्या. कारण दिवाळ्याच्या बातमीनंतर गिऱ्हाइकाला पहिली धास्ती असते ती सुट्या भागांची. १९३९ ची ‘चॅम्पियन’ ही हलकी, पेट्रोल बेताने खाणारी आणि परवडणारी मोटार त्यांच्या हाताला लागली. तिच्या घडणीत रेमंड लोवी यांच्या डिझाइन कार्यालयाचा वाटा होता. चाचणी मैदानावर १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाइनची हजारो रोपे अशी लावली गेली, की ती वाढल्यावर आकाशातून ‘स्टुडेबेकर’ हे नाव वाचता यावे. इंग्रजी अक्षरांची ही ओळ सुमारे अर्धा मैल लांब आहे. मैदानाचा तो भाग आता सार्वजनिक उद्यान आहे. जमिनीवर उभे राहून पाहिले तर नुसते रान दिसते.

दुसऱ्या महायुद्धात स्टुडेबेकरने बॉम्बर विमानांची इंजिने आणि बर्फातून चालणारी ‘वीझल’ ही पट्ट्यांवरची गाडी तयार केली. पण तिचे नाव झाले ते ‘यूएस-सिक्स’ या सहा चाकी लष्करी ट्रकमुळे. असे सुमारे २ लाख ट्रक तयार झाले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अमेरिकेने उसनवारीच्या योजनेखाली सोव्हिएत रशियाला धाडले. चिखलात न रुतणाऱ्या या ट्रकला रशियन सैनिक लाडाने ‘स्टुडर’ म्हणत. ‘कत्यूशा’ अग्निबाणांच्या फळ्या बऱ्याचदा याच्याच पाठीवर बसवलेल्या असत. अमेरिकेत चॅम्पियनमुळे ओळखले जाणारे नाव रशियात असे वेगळ्याच कारणाने घरोघरी पोचले.

युद्ध संपल्यावर बाकीचे कारखानदार १९४२ च्याच मोटारी रंगरंगोटी करून विकत असताना स्टुडेबेकरने १९४७ चे मॉडेल म्हणून अगदी नवी मोटार आणली. तिच्या कूपे या दोन दारांच्या प्रकाराची मागची काच इतकी लांबरुंद, की गाडी येते आहे की जाते आहे हेच कळत नाही असा विनोद रूढ झाला. श्रेय कोणाचे, यावर वाद आहे. लोवी यांच्या कार्यालयातील व्हर्जिल एक्सनर यांनी कंपनीच्या अभियंत्यांच्या सांगण्यावरून परस्पर आराखडे केले होते आणि त्यावरून लोवी यांनी त्यांना कामावरून काढले. १९५० मध्ये मोटारीच्या नाकावर विमानाच्या पंख्याच्या टोकासारखा गोळा आला आणि त्या वर्षी उत्पादनाने उच्चांक गाठला. या काळातल्या स्टुडेबेकर भारतातही जुळवल्या जात, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये. मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात तेव्हा डॉज आणि प्लिमथची जुळणी होई.

घसरणीचे मूळ या चांगल्या दिवसांतच आहे. मोटारींची टंचाई होती, जे कराल ते खपत होते, आणि संप होऊ नये म्हणून व्यवस्थापन कामगार संघटनेच्या बहुतेक मागण्या मान्य करत गेले. एकाच कारखान्यात बाप-लेक शेजारी काम करतात अशा जाहिराती कंपनी करत असे, आणि ते खोटे नव्हते. पण मजुरी डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांपेक्षा जास्त, दर माणशी काम कमी आणि इमारती जुन्या, अनेक मजली. मिळालेला नफा यंत्रांवर घालायला हवा होता, तो घातला गेला नाही. १९४८ मध्ये हॉफमन युरोपच्या पुनर्बांधणीची मार्शल योजना चालवायला निघून गेले.

१९५३ मध्ये रॉबर्ट बर्क यांनी रेखाटलेली ठेंगणी कूपे आली. त्या काळातल्या अमेरिकन मोटारींत इतकी देखणी दुसरी नाही, असे म्हणणारे आजही पुष्कळ आहेत आणि त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. कंपनीचा होरा असा, की लोक चार दारांची सेदान जास्त घेतील आणि कूपे शोभेपुरती राहील. झाले उलटे. कूपेसाठी रांगा आणि सेदान पडून. दोन्हींच्या पत्र्यांचे साचे वेगळे असल्याने एकीचे सुटे भाग दुसरीला चालेनात. त्यातच कूपेची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, लवचिक निघाली. इंजिन बसवले की ती किंचित वाके आणि पुढचे मडगार्ड जागेवर बसेना. हे निस्तरेपर्यंत हंगाम गेला. तोवर फोर्ड आणि शेव्हरोलेट एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी डीलरांच्या अंगणात मोटारी ओतू लागले होते. त्या भावाला उतरणे छोट्या कंपन्यांना शक्य नव्हते.

१९५४ मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड या मोटार कंपनीने स्टुडेबेकर विकत घेतली. किती मोटारी विकल्या म्हणजे तोटा थांबेल, याचा आकडा स्टुडेबेकरने सुमारे १ लाख ६५ हजार सांगितला होता. पॅकार्डच्या माणसांनी व्यवहार झाल्यावर वह्या उघडल्या तेव्हा तो २ लाख ८२ हजार निघाला. त्या वर्षी कारखान्यातून एक लाखसुद्धा मोटारी निघाल्या नव्हत्या. हे हिशेब सही करण्याआधी का पाहिले नाहीत, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही. बुडत्याला हात द्यायला गेलेली पॅकार्डच आधी बुडाली. तिचा डेट्रॉइटचा कारखाना १९५६ मध्ये बंद झाला आणि पुढची दोन वर्षे स्टुडेबेकरच्याच मोटारींना पॅकार्डचे नाव लावून विकण्यात आले.

१९५९ ची आटोपशीर ‘लार्क’ चांगली खपली, पण वर्षभरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही बड्या कंपन्यांनी तसल्याच मोटारी आणल्या. शेरवुड एग्बर्ट अध्यक्ष झाल्यावर लोवी यांना पुन्हा बोलावणे गेले आणि त्यांच्या चमूने पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात काही आठवड्यांत ‘अवांती’चा आराखडा पुरा केला. फायबरग्लासची बॉडी बाहेरून येत असे. तिचे सांधे जुळेनात आणि पुरवठा रखडला. गिऱ्हाइकांनी नोंदणी रद्द केली. एकूण ४,६४३ अवांती झाल्या. कारखाना मिटल्यानंतरही साउथ बेंडच्या दोन डीलरांनी ती हाताने बनवत ठेवली.

९ डिसेंबर १९६३ रोजी, नाताळच्या तोंडावर, साउथ बेंडचा कारखाना बंद होत असल्याचे जाहीर झाले. सुमारे ७,००० माणसे कामावरून गेली. हॅमिल्टनला दोन वर्षे थोड्याफार मोटारी होत राहिल्या, शेवटी शेवटी जनरल मोटर्सची इंजिने घालून. कंपनी म्हणून स्टुडेबेकर मात्र मेली नाही. इंजिन तेलात घालायचे ‘एसटीपी’ द्रव्य, जनित्रे, बागेतले ट्रॅक्टर असे धंदे तिने आधीच घेऊन ठेवले होते आणि मोटारीचे ओझे उतरल्यावर ते बरे चालले.

पेन्शनचे तसे नव्हते. १९५० च्या करारानुसार कामगारांना पेन्शन कबूल झाले होते आणि पुढे ते वाढतही गेले, पण त्यासाठीच्या निधीत पुरेसे पैसे कधी पडले नाहीत. निधी १९६४ मध्ये गुंडाळला तेव्हा निवृत्तांना आणि साठी ओलांडलेल्यांना पूर्ण रक्कम मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे ४,००० जणांच्या पदरात देय रकमेच्या १५ टक्के पडले, सरासरी ६०० डॉलर. यांची सरासरी नोकरी तेवीस वर्षांची होती. सर्वांत स्वस्त लार्कची किंमत तेव्हा दोन हजार डॉलरच्या आसपास होती. चाळिशीच्या आतल्या कामगारांना काहीच मिळाले नाही. हे प्रकरण कामगार संघटनेने काँग्रेसपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपर्यंत नेले आणि दहा वर्षांच्या झगड्यानंतर २ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकेच्या कामगार दिनी, पेन्शनच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही झाली. बुडालेल्या योजनांची हमी घेणारे सरकारी महामंडळही त्यातून उभे राहिले. कायदा पूर्वलक्षी नव्हता, त्यामुळे साउथ बेंडच्या कामगारांना त्याचा काही उपयोग झाला नाही.