तान्हा पोळा

मुख्यतः पूर्व विदर्भातील, नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराशी जोडला जाणारा मुलांचा सण. श्रावण अमावास्येच्या मोठ्या पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुले चाकांचे लाकडी बैल (नंदी) सजवून तोरणाखाली आणतात. नागपुरात याच दिवशी मारबती (मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका) निघतात.

उगम : सणाचे जनकत्व सहसा दुसरे रघूजी भोसले (कार. १७८८–१८१६) यांच्याकडे दिले जाते. बैलाचे मोल मुलांना कळावे म्हणून त्यांनी लाकडी बैल करवून खाऊ वाटला, अशी परंपरा आहे. साल बहुधा १८०६ सांगतात. काही जण ते मागे, १७८९च्या सुमारास नेतात. १८०६ धरले तर एक पेच उरतो. डिसेंबर १८०३च्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. ती तूट भरून काढण्यासाठी उरलेल्या गावांवर जबर सारा आणि नवे कर बसवल्याचे इम्पिरियल गॅझेटियर सांगते. अशा ओढग्रस्तीत दरबाराने खाऊ वाटावा, हे काहींना पटत नाही. पण रयत नाराज असतानाच राजाला वाड्याचे दार उघडे ठेवावेसे वाटते, असेही म्हणता येईल. शिवाय असा खर्च राज्याच्या मानाने किरकोळच.

दुसरा मुद्दा छत्तीसगढचा. तेथे ‘पोरा’ म्हणजे पोळ्याच्या सणाला मुले चाकांचे ‘नांदिया बैला’ ओढतात. हा मुलूख १८५३पर्यंत नागपूरच्या अमलाखाली होता, त्यामुळे प्रथा इकडून तिकडे गेली, हे मत सोपे आहे. तथापि बैल नसलेल्या घरी पोळ्याला मातीचे बैल पुजण्याची चाल महाराष्ट्रात इतरत्रही आहे. तेव्हा खेळ आधीचा आणि दरबाराने त्याला दिवस व मान दिला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दायमाबाद या प्राचीन वसाहतीत सापडलेल्या चाकांच्या कांस्यमूर्तींपर्यंत धागा नेण्याचे मात्र कारण नाही.

बाजार : १८५३मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, सण टिकला. त्यामागे राजघराण्याविषयीच्या कुतूहलाइतकाच खेड्यातील खर्चाचा आकार आहे. नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांच्या वाड्यातील मोठा लाकडी बैल पाहायला आजही लोक जातात. खेड्यात त्या रुबाबाची छोटी आवृत्ती आठवडी बाजारात मिळते. मोठ्या पोळ्याचे गिऱ्हाईक म्हणजे बैलवाला शेतकरी : झूल, वेसण, मोरकी, घुंगरू, शिंगांचा रंग, बेगड. ट्रॅक्टर आल्यावर हे गिऱ्हाईक आटले. तान्ह्या पोळ्याला गोठ्यात बैल असावा लागत नाही. शेतमजुराच्या, मास्तरांच्या घरीही नंदी लागतो.

पोळा येतो तेव्हा कापूस-सोयाबीन शेतात उभे असते आणि हातात रोकड कमी. म्हणून सागवानी नंदी एकदाच घेतला जातो आणि थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. शिंगाचा टवका उडालेला, काकाच्या लहानपणचा नंदी नव्याने रंगवून निघतो; वाढईकडे (सुताराकडे) काम येते ते तुटलेल्या चाकाचे. दरवर्षीचा खर्च सजावटीचा : चमकी, कागदी फुले, छोटी झूल.

मुले घरोघर नंदी फिरवतात आणि बोजारा (खुशीची भेट) मिळवतात. पूर्वी नाणी किंवा धान्य, आता नोट किंवा चॉकलेट. बोजाऱ्याचे पैसे संध्याकाळपर्यंत गावातल्याच किराणा दुकानात, फुग्यावाल्याकडे पोचतात. बाहेरून पैसा फारसा येत नाही, गावातलाच फिरतो. अपवाद सजावट स्पर्धांचा. सायकल, कंपास, डबे ही बक्षिसे गावपुढारी देतात, आणि निवडणुकीच्या वर्षी ती वाढतात, असे गमतीने म्हटले जाते.

प्रसार : वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा मोठ्या नंद्यांसाठी प्रसिद्ध असून तेथे यात्रेचे स्वरूप येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतही सण होतो. वर्धा नदीच्या पश्चिमेस यवतमाळ व अमरावतीतही तो आढळतो. त्यामुळे १८०३ची सरहद्द सणाची सीमा मानता येत नाही.