करार संपला म्हणून भत्ता बंद होत नाही

नवी मुंबईतल्या रबाळे-महापे-तुर्भे औद्योगिक पट्ट्यात अजूनही ऐकू येतं, ‘युनियन-मॅनेजमेंट कराराची मुदत संपली, आता भत्ते मॅनेजमेंटच्या मर्जीवर.’ हे साफ चूक आहे. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात मुदतीनंतरही करार बंधनकारकच राहायचा. मोडायचा तर लेखी नोटीस आणि पुढे दोन महिने. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत ते 60 दिवस. नोटिशीनंतरही नवा करार किंवा निवाडा होईपर्यंत जुन्या अटी चालतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980मध्ये एलआयसीच्या खटल्यात सांगितलं.

तोंडी आश्वासन मात्र एचआर मॅनेजर बदलला की हवेत विरतं, आणि विश्वास तिथेच तुटतो. पगाराच्या स्लिपवरून भत्त्याची ओळ गायब झाली, तर युनियनने त्याच आठवड्यात कराराचं कलम, महिना, रक्कम लिहून मॅनेजमेंटला पत्र द्यावं. आपल्या प्रतीवर कंपनीचा आवक शिक्का, तारखेसकट, घ्यायलाच हवा.