शेंडा तोडणारे: जोखमीच्या एका धंद्याची पार्श्वभूमी

झाडावर चढून काम करणाऱ्या लाकूडतोड्यांवर लघुपट निघतो तेव्हा कॅमेरा त्यांच्या धाडसावरच खिळून राहतो आणि माणसाला एवढ्या उंचीवर पाठवण्याची गरज मुळात का पडली, हे सांगायचे राहून जाते. त्याचे उत्तर अमेरिकेच्या वायव्येकडील आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामधील डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडांच्या जंगलांत सापडते. १८८१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात वाफेचे ‘डाँकी’ इंजिन आले आणि ओंडके ओढणारे बैल हळूहळू मागे पडले. पण जमिनीवरून ओढलेला ओंडका खुंटांना आणि दगडांना अडकत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी यावर तोडगा म्हणून एखाद्या भक्कम झाडाचाच खांब करून त्याच्या माथ्यावर कप्पी बसवण्याची आणि तारदोर उंचावरून नेण्याची पद्धत रुळली.

हा खांब तयार करणारा माणूस बुटांना बांधलेले पोलादी काटे सालीत रोवत, बुंध्याभोवतीचा दोर वर सरकवत आणि वाटेतल्या फांद्या छाटत दीडशे-दोनशे फूट उंच जाई आणि तेथे झाडाचा शेंडा तोडी. कुऱ्हाडीचा एक चुकार घावही जिवावर बेतू शकत असल्याने दोराच्या गाभ्यात पोलादी तार घालत. शेंडा निखळताच उरलेले खोड जोरजोराने झोके घेई, आणि ते उभे चिरले तर फाकणाऱ्या खोडाभोवती आवळला जाणारा तोच दोर माणसाला चिरडून टाकी.

लाकूडतोड्यांच्या १९१७ च्या संपानंतर आणि युद्धविमानांसाठी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे लाकूड हवे असल्याच्या निकडीतून १९१८ मध्ये अमेरिकेच्या वायव्येकडील लाकूडतोडीत आठ तासांचा दिवस लागू झाला. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत हलवता येणारे पोलादी मनोरे आले आणि झाडाचा खांब करण्याची गरज संपत गेली. तारदोराने ओंडके ओढणे मात्र चालूच राहिले.

म्हणूनच १९९४ चा निर्णय बारकाईने पाहावा लागतो. तोवर अमेरिकेचा संघीय सुरक्षा नियम केवळ कागदाच्या लगद्यासाठी होणाऱ्या तोडीपुरता होता. त्या वर्षी तो सर्व प्रकारच्या लाकूडतोडीला लागू झाला, पण तारदोराने ओंडके ओढण्याच्या यंत्रणेची उभारणी आणि वापर त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आला. वॉशिंग्टन आणि ओरेगन या राज्यांचे स्वतःचे सविस्तर नियम आहेत, हा वगळणुकीच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तरीही ताणलेली तार, हवेत लोंबणारा ओंडका आणि उताराखाली उभा कामगार, या सर्वांत धोकादायक मांडणीलाच देशव्यापी नियमाबाहेर ठेवणे समर्थनीय वाटत नाही, कारण संघीय नियम हा किमान संरक्षणाचा पाया असतो आणि तो नेमका येथेच तुटतो. २०२२ मध्ये अमेरिकेत दर एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे लाकूडतोड्यांचे १००.७ मृत्यू नोंदले गेले. सर्व व्यवसायांचा मिळून हा दर ३.७ होता.

दरम्यान झाडावर चढण्याचे कौशल्य जंगलातून वस्तीत आले असून, रस्त्याकडेची आणि वीजतारांजवळची झाडे छाटणारे कामगार आज तेच काटे आणि दोर वापरतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र संघीय नियम करण्याच्या दिशेने पहिली अधिकृत सूचना निघाली ती २००८ मध्ये.