जनमत चाचण्यांची विदा

मतदारांना विचारलेले प्रश्न, त्यांची नोंदवलेली उत्तरे, नमुना म्हणजे मुलाखतीचे मतदार कसे निवडले याचा तपशील आणि उत्तरांना दिलेले भारांक (नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांचे वजन सावरणारे आकडे) हे सगळे मिळून जनमत चाचणीची विदा होते. बातम्यांचा मतदारावर काय परिणाम होतो हे तपासणाऱ्याचे काम तिच्यावाचून चालत नाही. वाहिनीवर झळकणारा जागांचा अंदाज ही विदा नव्हे. तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष असतो, आणि मतांच्या टक्क्यांवरून जागांचा आकडा कसा काढला हे सहसा सांगितले जात नाही.

भारतात अशा चाचण्यांची सुरुवात १९५०च्या दशकात एरिक द कोस्टा यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियनने केली. अभ्यासकासाठी सर्वांत मोलाचा साठा मात्र दिल्लीच्या सीएसडीएस (सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज) या संस्थेकडे आहे. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६३मध्ये स्थापलेल्या या संस्थेने १९६७मध्ये राष्ट्रीय निवडणूक अभ्यास हाती घेतला. मध्यंतरी त्यात खंड पडला, पण १९९६पासून प्रत्येक लोकसभा निवडणुकीत तो झाला आहे. १९९७पासून हे काम संस्थेचा 'लोकनीती' उपक्रम पाहतो. सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे यांच्यामुळे पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे या कामाशी जुने नाते आहे.

या अभ्यासात रस्त्यात भेटेल त्याला गाठून प्रश्न विचारत नाहीत. आधी मतदारसंघ, मग मतदान केंद्रे आणि शेवटी मतदारयादीतून नावे अशी टप्प्याटप्प्याने निवड होते. मतदान झाल्यावर, पण मतमोजणीपूर्वी, प्रशिक्षित तरुण त्या नावांच्या घरी जातात. मत कोणाला दिले हे तोंडी विचारत नाहीत. चिन्हे छापलेली नकली मतपत्रिका हातात देतात आणि मतदार ती खूण करून सोबतच्या पेटीत टाकतो. २०१९मध्ये अशा २४,२३६ मुलाखती झाल्या.

मूळ फाइल उघडली की प्रत्येक ओळीत एक मतदार दिसतो. एका स्तंभात तो वर्तमानपत्र किती वेळा वाचतो याचा संकेतांक, दुसऱ्यात टीव्हीवरच्या बातम्यांचा, पुढे शिक्षण, जात, वय, मत आणि भारांक. माध्यम-अभ्यासकाला हवी असते ती नेमकी ही ओळ, कारण वाचनाची सवय आणि मत एकाच माणसाचे असल्याशिवाय त्यांचा संबंध तपासता येत नाही. प्रसिद्ध झालेल्या टक्केवारीच्या तक्त्यांतून तो उलगडत नाही. मूळ फाइलसाठी संस्थेच्या विदा विभागाकडे रीतसर मागणी करावी लागते. परदेशी चाचण्यांसाठी अमेरिकेतील रोपर सेंटर हे १९४७पासूनचे संग्रहालय आहे. प्यू रिसर्च सेंटर आणि वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे यांच्या फाइली विनामूल्य मिळतात. भारतातील मुलाखतीही त्यांत आहेत.

एक्झिट पोलची स्थिती वेगळी आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक कंपन्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५०हून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. महाराष्ट्रात ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. चूक नमुन्यात होती, उत्तरांत की जागांच्या गणितात, हे बाहेरच्या अभ्यासकाला तपासता येत नाही, कारण बहुतेक कंपन्या मूळ उत्तरे खुली करत नाहीत. लोकशाहीत हे खटकायलाच हवे.

फाइल हाती आल्यावर आधी प्रश्नाचे शब्द आणि मुलाखतींच्या तारखा पाहाव्यात. त्या दिवसांत कोणती बातमी गाजत होती यावर उत्तर फिरते. मग उपगटाचा आकार. हजार जणांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या) नमुन्यात त्रुटी, म्हणजे आकडा वर-खाली होण्याची शक्यता, सुमारे ३ टक्के धरतात, पण त्यातले रोज वर्तमानपत्र वाचणारे शंभरच निघाले तर ती १० टक्क्यांच्या घरात जाते. 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्यांना गाळू नये. बातम्यांपासून दूर असलेले मतदार बरेचदा तिथेच सापडतात. शिवाय निकालानंतर घेतलेल्या मुलाखतींत विजयी पक्षाला मत दिल्याचे सांगणारे प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतात. म्हणून मतांचे आकडे निवडणूक आयोगाच्या निकालाशी ताडून पाहतात. केंद्रनिहाय मते हवी असतील तर ती आयोगाच्या 'नमुना २०' (फॉर्म २०) या निकालपत्रकात असतात.